जरीपटक्यातील शाळा आणि दुसऱ्या भाषेतून विषयशिक्षण

नागपूर शहराच्या उत्तर भागात, इंदोऱ्याला लागून, जरीपटका ही मोठी वस्ती आहे. वस्तीच्या नावात मराठ्यांचे निशाण आहे. तिच्या बाजारपेठेत मात्र सिंधी आणि हिंदी या भाषा अधिक ऐकू येतात. १९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा पंजाब आणि बंगाल या प्रांतांचे विभाजन होऊन त्यांचा काही भाग भारतात राहिला. सिंध प्रांत मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे भारतात आलेल्या सिंधी भाषिकांच्या वाट्याला स्वतःच्या भाषेचे राज्य तर नाहीच, पण एखादा जिल्हाही आला नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगर उभे राहिले. नागपुरात आलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांनी जरीपटक्यात, तर काहींनी खामला भागात आपली घरे नव्याने उभारली.

घरांबरोबर शाळाही उभ्या राहिल्या, आणि शाळांबरोबर एक प्रश्न उभा राहिला. मुलांना कोणत्या भाषेतून शिकवावे? हा प्रश्न जरीपटक्यापुरता नाही. गडचिरोलीतील गोंडी बोलणारे मूल मराठीतून गणित शिकते, मेळघाटातील कोरकू मूल मराठीतून परिसर अभ्यास शिकते, आणि जिल्हा परिषदेच्या सेमी इंग्रजी वर्गातील शेतकऱ्याचे मूल इंग्रजीतून विज्ञान शिकते. या तिन्ही ठिकाणी विषय एका भाषेत आणि मुलाचे विचार दुसऱ्या भाषेत अशी स्थिती असते. जरीपटक्यात ती तीन पिढ्या चालत आलेली असल्यामुळे तिचे परिणाम तेथे अधिक स्पष्टपणे दिसतात, इतकेच.

एका वस्तीतील चार भाषा

सिंधी ही महाराष्ट्राला सर्वस्वी परकी भाषा नव्हे. १ एप्रिल १९३६ रोजी सिंधचा स्वतंत्र प्रांत होईपर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. सिंधीची ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपीदेखील १८५३ मध्ये याच इलाख्याच्या अमदानीत निश्चित करण्यात आली. फाळणीनंतर भारतात देवनागरीतूनही सिंधी लिहिली जाऊ लागली आणि आज दोन्ही लिप्या प्रचारात आहेत. १० एप्रिल १९६७ रोजी घटनेच्या एकविसाव्या दुरुस्तीने सिंधीचा समावेश आठव्या अनुसूचीत झाला. २०११ च्या जनगणनेत सिंधी भाषिकांची संख्या सुमारे २७ लाख ७२ हजार नोंदली गेली. तीत कच्छी बोलणाऱ्यांचीही गणना आहे. ‘बालभारती’ या नावाने परिचित असलेले, २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेले पाठ्यपुस्तक मंडळ ज्या आठ भाषांतून पुस्तके काढीत आले, त्यांतही सिंधी आहे.

दुसरी भाषा हिंदी. नागपूर हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे, आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. तेथील राज्यकारभारात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. साहजिकच निर्वासित सिंधी कुटुंबांना शाळेची व व्यवहाराची भाषा म्हणून हिंदी जवळ होती. नागपुरातील सिंधी समाजाच्या एका शिक्षणसंस्थेचे नावच ‘सिंधी हिंदी विद्या समिती’ असे आहे. या एका नावात त्या पिढीने काढलेला तोडगा सामावलेला आहे : घरची भाषा सोडायची नाही, आणि बाहेरची भाषा टाळायची नाही.

पुढच्या पिढीत इंग्रजी माध्यमाचा ओढा वाढला. सिंधी माध्यमाचे वर्ग हिंदीकडे आणि हिंदी माध्यमाचे विद्यार्थी इंग्रजीकडे, असा हा प्रवास देशभरातील सिंधी वस्त्यांमध्ये घडलेला आहे. चौथी भाषा मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे.

आजीशी सिंधी, दुकानात हिंदी, पुस्तकात इंग्रजी आणि मराठीच्या तासाला मराठी, असा दिनक्रम असलेले मूल भाषेच्या बाबतीत दरिद्री नसते. उलट, एकभाषिक मुलापेक्षा त्याच्याजवळ अधिक साधने असतात. मात्र वर्गात ती साधने वापरू द्यायची की दाराबाहेर ठेवायला लावायची, हे शाळा ठरवते.

एक लहानसे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘पाणी’ म्हणतात, सिंधीतही ‘पाणी’च म्हणतात, हिंदीत मात्र ‘पानी’ होते. सिंधी घरातील मुलाने हिंदीच्या वहीत ‘पाणी’ लिहिले, तर हिंदीच्या दृष्टीने ती चूकच. परंतु ती अज्ञानातून झालेली चूक नव्हे, घरच्या भाषेच्या नियमातून झालेली आहे. हे ज्या शिक्षकास ठाऊक आहे, तो लाल रेघ मारून थांबणार नाही. तो दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहील, आणि त्या वर्गाला ‘ण’ आणि ‘न’ यांचा धडा पुन्हा द्यावा लागणार नाही.

बोलता येणे आणि शिकता येणे

दुसऱ्या भाषेच्या माध्यमाबद्दल पालकांचा आणि कित्येक शिक्षकांचाही एक समज असतो. मूल ती भाषा घडाघडा बोलते, म्हणजे त्या भाषेतून त्याला काहीही शिकवता येईल. हा समज फसवा आहे. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून या विषयावर जे लेखन केले, त्यात रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद दाखवून दिला. नव्या भाषेत खेळणे, भांडणे, सौदा करणे मुलाला साधारणपणे दोन वर्षांत जमते. परंतु त्याच भाषेत कारण सांगणे, तुलना करणे, व्याख्या करणे, पुस्तकातला उतारा वाचून त्यातून उत्तर शोधणे यांत बरोबरीच्या मुलांची पातळी गाठण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात.

याचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. पहिलीत इंग्रजीतून सुरुवात केलेले मूल तिसरीत सफाईने इंग्रजी बोलू लागले, तरी पाचवी-सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली इंग्रजी त्याच्या आवाक्यात आलेली असेलच असे नाही. अशा वेळी ते मागे पडू लागले की शेरा मिळतो : ‘गणितात कच्चा’, ‘लक्ष देत नाही’. कच्चेपणा गणितातला नसून वाक्यातला असतो. परंतु गुणपत्रिकेत भाषा आणि विषय यांच्यात रेघ ओढलेली नसते. असा शेरा मुलाला पुढे वर्षानुवर्षे चिकटून राहतो, आणि मूलही हळूहळू तो खरा मानू लागते. दुसऱ्या भाषेतून शिकवण्यातला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

सेमी इंग्रजीच्या वर्गात नेहमी आढळणारी एक चूक पाहावी. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ असे वाक्य बीजगणितात येते. शब्दांच्या क्रमाने चालणारे मूल ‘५ वजा क्ष’ असे मांडते. बरोबर मांडणी ‘क्ष वजा ५’ अशी आहे. हेच वाक्य मराठीत ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ असे होते. येथे संख्या आधी येते, ५ नंतर येतो, आणि मांडणी आपोआप बरोबर होते. म्हणजे ज्या मुलाला वजाबाकी उत्तम येते तेच मूल इंग्रजी वाक्यरचनेमुळे चुकते. शिक्षकाने त्याला वजाबाकीची आणखी दहा उदाहरणे दिली तर उपयोग शून्य. वाक्य मराठीत सांगायला लावले, तर दोन मिनिटांत उलगडा होतो.

संख्यावाचनातही असेच आहे. मराठीत ‘पंचवीस’, सिंधीत ‘पंजवीह’, हिंदीत ‘पच्चीस’. तिन्हीत एकक आधी आणि दशक नंतर. इंग्रजीत दशक आधी. मराठीतील ‘एकोणतीस’, हिंदीतील ‘उनतीस’ आणि सिंधीतील ‘उणटीह’ या तिन्ही शब्दांत ‘तिसास एक कमी’ हाच हिशेब आहे. इंग्रजीत तो नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘वीस पाच’ अशाही वाचाव्यात असे सुचवले गेले तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. वादाचा सूर काहीही असो, संख्या समजण्यात शब्दरचनेचा वाटा असतो ही गोष्ट त्यानिमित्ताने घरोघर पोहोचली, हे बरेच झाले.

जवळच्या भाषांचे फसवे शब्द

इंग्रजी दूरची भाषा असल्यामुळे तिथली अडचण निदान दिसते. हिंदी आणि मराठी या जवळच्या भाषांमध्ये अडचण लपून बसते. लिपी एक, निम्मे शब्द एक. त्यामुळे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेलेल्या विद्यार्थ्याला काही त्रास होईल असे कोणाच्याच मनात येत नाही. जरीपटक्यासारख्या भागात, जेथे हिंदी, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असतात, तेथे ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

मराठी पुस्तकात ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि ‘रेणू’ म्हणजे अणूंच्या जोडणीने बनलेला कण. हिंदी पुस्तकात पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणजे ‘पाण्याचा अणु’ हे हिंदीत बरोबर आणि मराठीत चूक. मराठीत ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणारा पदार्थ, मीठ हे त्याचे उदाहरण; हिंदीत त्याला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ हा शब्द नेमका आम्लाच्या विरुद्ध गुणाच्या पदार्थासाठी वापरतात. जीवशास्त्रात तर शब्दांची साखळीच सरकलेली आहे. मराठीत ‘पेशी’, तीच हिंदीत ‘कोशिका’. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे मराठीतला ‘स्नायू’. आणि हिंदी पुस्तकातला ‘स्नायु’ म्हणजे हाडांना हाडे बांधणारा, मराठीत ज्याला ‘अस्थिबंध’ म्हणतात तो. गणितातला हिंदी ‘भिन्न’ मराठीत ‘अपूर्णांक’ होतो, आणि हिंदीतले ‘वृत्त’ हे मराठीत ‘वर्तुळ’. मराठी मुलाच्या दृष्टीने वृत्त ही वर्तमानपत्रात वाचायची किंवा कवितेत मोजायची गोष्ट आहे.

हे का झाले, त्याचा इतिहासही नागपुराशी जोडलेला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनी नागपुरात राहून इंग्रजी शास्त्रीय शब्दांसाठी संस्कृतवरून हजारो प्रतिशब्द घडवले, आणि तत्कालीन प्रांतिक शासनाचे त्यांना साह्य होते. पुढे केंद्र शासनाने १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेचा आयोग नेमला, तर महाराष्ट्रात ६ जुलै १९६० रोजी स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मराठीचे परिभाषा कोश सिद्ध केले. दोन्ही कामे मोलाची. पण दोन्हीकडे संस्कृतचा खजिना एक आणि शब्दांची वाटणी निराळी झाल्याने, एकच शब्द सीमेच्या दोन बाजूंना दोन अर्थ घेऊन उभा राहिला. हिंदी माध्यमातून शिकलेले शिक्षक मराठी वर्गाला, किंवा मराठीतून शिकलेले हिंदी वर्गाला शिकवतात तेव्हा अशा वीस-पंचवीस शब्दांचा तक्ता भिंतीवर असला, तर कितीतरी घोटाळे टळतील. असा तक्ता करण्यास कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही.

एक पाठ : घनता

दुसऱ्या भाषेतून विषय शिकवताना पाठाची आखणी कशी वेगळी होते, हे एका पाठावरून पाहू. विषय घनता, माध्यम हिंदी किंवा इंग्रजी, वर्गात सिंधी, हिंदी आणि मराठी घरांतील मुले. साहित्य साधे : काचेचा पेला, पाणी, लोखंडी खिळा, लाकडाचा बऱ्यापैकी मोठा तुकडा, मेणबत्तीचा तुकडा आणि थोडे जवसाचे तेल.

पाठाची सुरुवात व्याख्येने करू नये. शिक्षक विचारतील : खिळा बुडेल की तरंगेल? हा मोठा लाकडी तुकडा? मुलांनी ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत उत्तर द्यावे. एखादा सिंधीत म्हणेल, लोखंड ‘ॻरो’ आहे. दुसरा हिंदीत ‘भारी’ म्हणेल, तिसरा मराठीत ‘जड’. (सिंधीतील तो पहिला ‘ॻ’ श्वास आत ओढून उच्चारावा लागतो, असे चार वर्ण सिंधीत आहेत, आणि शिक्षकाने तो उच्चार करून पाहिला तर वर्गात हशा पिकेल, पण सिंधी मुलांची मान उंचावेल.) आता शिक्षकांनी लाकूड आणि खिळा तराजूत घालावेत. लाकूडच जड भरते. तरीही ते तरंगते आणि हलका खिळा बुडतो. येथे वर्ग अडतो, आणि अडणेच अभिप्रेत आहे. ‘ॻरो’, ‘भारी’, ‘जड’ हे तिन्ही शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात : एक, पूर्ण वस्तूचे वजन, दुसरी, तितक्याच आकारमानात किती द्रव्य भरले आहे ती. रोजच्या भाषेत एकच शब्द दोन्ही कामे करतो. शास्त्राला दोन शब्द लागतात.

हा शोध मुलांनी आपल्या भाषेत लावला पाहिजे. परक्या भाषेत तो लावायला सांगितले तर ती गप्प बसतात, आणि शिक्षक नाइलाजाने व्याख्या लिहून देतात. शोध लागला की मग नवा शब्द द्यावा. मराठी ‘घनता’, हिंदी ‘घनत्व’, इंग्रजी ‘डेन्सिटी’ हे फळ्यावर एका ओळीत यावेत. त्याखाली मराठीतील ‘वस्तुमान’ व ‘आकारमान’ आणि हिंदीतील ‘द्रव्यमान’ व ‘आयतन’ यांची जोडी लिहावी.

पुष्कळ शिक्षक येथेच थांबतात. शब्द दिला म्हणजे भाषा दिली असे त्यांना वाटते. वस्तुतः खरी अडचण शब्दापेक्षा वाक्याची असते. घनतेच्या पाठाला दोन प्रकारची वाक्ये लागतात, तुलनेचे आणि कारणाचे. ‘लोहे का घनत्व पानी के घनत्व से अधिक है, इसलिए लोहा पानी में डूबता है’ हे वाक्य हिंदी माध्यमाच्या मुलांनी मेणासाठी, लाकडासाठी, जवसाच्या तेलासाठी बदलून, आधी तोंडी आणि मग लेखी, बनवावे. इंग्रजी माध्यमात याच अर्थाची, ‘हायर दॅन’ आणि ‘देअरफोर’ ही जोडणी असलेली दोन वाक्ये पुरेत. आठ-दहा वेळा वाक्य फिरले की ते मुलाचे होते. त्यानंतर आकडे द्यावेत : दर घन सेंटिमीटरला पाणी १ ग्रॅम, बर्फ सुमारे ०.९२, लोखंड सुमारे ७.९, पारा १३.६. ‘लोखंडी खिळा पाऱ्यावर टाकला तर काय होईल?’ या प्रश्नाचे उत्तर प्रयोग न करता मुलाने नव्या भाषेत कारणासह दिले, तर त्याला विषयही आला आणि भाषाही आली. (हा प्रयोग वर्गात करू नये, पारा विषारी आहे.)

यात वेळ अधिक जातो, हा आक्षेप खरा आहे. एका तासाचा पाठ दीड तास घेतो. परंतु दुसऱ्या भाषेतून शिकवायचे आणि वेळ मात्र पहिल्या भाषेइतकाच द्यायचा, हा हिशेब कधीच जुळणारा नव्हता. तो जुळवण्यासाठी वर्ग घोकंपट्टीकडे वळतो.

लेखी परीक्षेतही हीच दृष्टी ठेवावी लागेल. ‘आइस फ्लोट बिकॉज डेन्सिटी लेस’ असे तुटक इंग्रजी उत्तर लिहिणाऱ्या मुलास विज्ञान कळलेले आहे. त्याला विज्ञानाचे गुण पूर्ण द्यावेत आणि वाक्य दुरुस्त करून पुन्हा लिहायला सांगावे. निदान शाळेच्या अंतर्गत चाचण्यांत तरी हे सहज करता येते.

मॉन्ट्रियल आणि मलेशिया

परक्या माध्यमाचे समर्थक कॅनडाचे उदाहरण देतात. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात १९६५ मध्ये इंग्रजी भाषिक पालकांच्या आग्रहावरून बालवर्गापासून सर्व शिक्षण फ्रेंचमधून देण्याचा प्रयोग सुरू झाला. वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी १९७२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना फ्रेंच चांगली आली, विषयांत ती मागे पडली नाहीत, आणि इंग्रजीही शाबूत राहिली. हे सर्व खरे आहे. मात्र तिथे मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. ती भाषा घरात, बाजारात, चित्रपटात आणि सबंध खंडावर सुरक्षित होती. शिक्षकांना दोन्ही भाषा येत होत्या, सुरुवातीला मुले इंग्रजीत बोलली तरी चालत असे, आणि दुसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी हा विषयही शिकवला जाई. जरीपटक्यातील सिंधीला यांपैकी कोणतेही संरक्षण नाही. शाळेने हात काढून घेतला तर ती घरातूनही जाऊ लागते. आजोबा उजवीकडून डावीकडे वाचतात, नातू डावीकडून उजवीकडे. आजोबांच्या कपाटातले पुस्तक नातवाला उघडता येते, वाचता येत नाही.

मलेशियाचा अनुभव महाराष्ट्राला अधिक जवळचा वाटेल. तेथे जानेवारी २००३ पासून गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचे धोरण सरसकट लागू झाले. ग्रामीण मुले मागे पडतात आणि शिक्षकांची इंग्रजीची तयारी अपुरी आहे अशा तक्रारी वाढत गेल्या. जुलै २००९ मध्ये ते मागे घेण्याचे जाहीर करावे लागले. २०१६ पासून त्या देशाने दुसरी वाट धरली : ज्या शाळेस इंग्रजीतून हे विषय शिकवायचे असतील तिने तसे करावे, पण साधने व शिक्षक तयार असले पाहिजेत, पालकांची संमती असली पाहिजे, आणि त्या शाळेचा मलय भाषेचा निकाल राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असता कामा नये. ही शेवटची अट विचार करायला लावणारी आहे. इंग्रजीतून गणित शिकवण्याची परवानगी स्वभाषेच्या निकालावर अवलंबून ठेवली गेली.

कायदा काय सांगतो

अधिकारी व पंचायत सदस्यांच्या माहितीसाठी थोडक्यात सांगावयाचे तर, ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी एका भाषेचे असतील तर प्राथमिक शिक्षण त्या भाषेतून देण्याची सोय व्हावी असे ठरवले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ समाविष्ट होऊन भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचे आवाहन राज्यांना करण्यात आले. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा कलही तोच आहे. दुसऱ्या बाजूने, मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात राज्याला मातृभाषेचे माध्यम शाळांवर लादता येणार नाही असा निर्णय दिला. म्हणजे माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य पालकांना आहे. निवडलेल्या माध्यमातून मूल शिकेल याची व्यवस्था करण्याची जबाबदारी मात्र शाळेची व शासनाची राहते. या दोहोंमधल्या अंतरातच बहुतेक मुले अडखळतात.

गावात हा प्रश्न येतो तेव्हा

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला आणि पुढे सेमी इंग्रजीचे वर्ग वाढत गेले. इंग्रजी शाळेकडे जाणारी मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत टिकावीत, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. ग्रामसभेत मागणी झाली की शाळा व्यवस्थापन समिती ठराव करते. ठराव करताना जी चौकशी व्हावयास हवी ती बहुधा होत नाही.

गणित व विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना इंग्रजीत केवळ पुस्तक वाचता येते, की मुलाच्या चुकीचे कारण इंग्रजीत समजावून सांगता येते, हे समितीने विचारले पाहिजे. शिक्षकांना हा प्रश्न अवमानकारक वाटू नये. बहुसंख्य शिक्षक स्वतः मराठीतून शिकले आहेत, आणि त्यांना प्रशिक्षण न देता माध्यम बदलणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. त्या शिक्षकाची बदली झाली तर पुढे काय, हाही प्रश्न त्याच बैठकीत यावा. मुलांचे मराठी वाचन कसे आहे, तेही पाहावे. ज्या वर्गातील मुले मराठीतला उतारा वाचून उत्तर देऊ शकत नाहीत, त्या वर्गाला इंग्रजीतून विज्ञान देणे म्हणजे पायरी नसलेल्या जिन्यावर चढवणे होय. मराठी-इंग्रजी शब्द शेजारी देणारी द्विभाषिक पाठ्यपुस्तके बालभारतीने अलीकडच्या वर्षांत काढली आहेत. ती शाळेत आहेत की नाहीत, आणि असल्यास दोन्ही स्तंभ वापरले जातात की एकच, याची विचारपूस सदस्य स्वतः वर्गात जाऊन करू शकतात.

आदिवासी पाड्यावरील शाळेत इंग्रजीचा प्रश्न येण्याआधीच मराठी ही दुसरी भाषा असते, हे तर तालुका पातळीवरील बैठकांतही सहसा बोलले जात नाही. तेथे पहिल्या दोन इयत्तांसाठी मुलांची बोली जाणणारी एखादी स्थानिक व्यक्ती वर्गात असणे, आणि घनतेच्या पाठात सिंधी, हिंदी, मराठी शब्द जसे एका ओळीत आले तसे गोंडी किंवा कोरकू शब्द फळ्यावर येणे, हे काम गावातल्या गावात होऊ शकते. शब्द सांगणारे वडीलधारे गावातच असतात. त्यांना वहीसह शाळेत बोलावण्याचे काम समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेता येईल.